हनोईचा फूटपाथ : किती वाजता काय खातात

उंबरठा

नोकरीमुळे वर्षभराहून जास्त काळ हनोईत आहे. इथे व्हिएतनामवर बरेच धागे येऊन गेलेत, पण हालाँगची बोट, बाना हिल्सचा तो हातांवर तोललेला पूल आणि हॉटेलातला बुफे यापुढे गाडी जात नाही. लोक रोज काय खातात, कुठे बसतात यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा. पुढे बीफ, पोर्क सगळ्यांचे उल्लेख आहेत. चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

इथला फूटपाथ चालायला मिळत नाही. अर्ध्यावर स्कुटर उभ्या, उरलेल्यावर जेमतेम फूटभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं आणि गुडघे छातीशी घेऊन जेवणारी माणसं. जुन्या वस्तीतलं एखादं घर आतून पाहिलं की हे असं का ते कळतं. तोंडाशी तीन-चार मीटर रुंद, आत मात्र लांबच लांब. खाली दुकान, मागे आणि वर बिऱ्हाडं. १९५४ मध्ये फ्रेंच राज्य संपलं, त्यानंतर अशा एकेका घरात अनेक कुटुंबं घातली गेली. मोरी सामायिक, चूल सामायिक. निवांत बसून जेवायला जागा राहिलीच कुठे? पुढे १९८६ च्या ‘दोई मोय’ सुधारणांनी खाजगी धंद्याला मोकळीक मिळाली, तेव्हा ज्याच्या दारासमोर फूटपाथचा तुकडा होता त्याने तिथेच पातेलं मांडलं.

एका ठिकाणी एकच पदार्थ मिळतो. मेन्यूकार्ड मागितलंत तर लोक चमकून बघतात. पाटीवर पदार्थाचं नाव आणि घर नंबर, विषय संपला. बसायचं आणि किती वाट्या ते बोटाने दाखवायचं. शिवाय प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली. पहाटे साडेपाचपासून फो (मांसाच्या सूपातल्या तांदळाच्या शेवया), बान्ह कुऑन (तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या) आणि सोय (हा चिकट भात). नऊ-साडेनऊला ती मंडळी पातेली घासायला घेतात. अकराला कोळशाचा धूर दिसू लागला की बुन चा, म्हणजे भाजलेलं पोर्क आणि शेवया. दीडपर्यंत तेही आटपतं आणि शहर आडवं होतं. बँकेतले लोक टेबलाखाली चटई टाकून, बाईकटॅक्सीवाले बाईकवरच पाय हँडलवर टाकून. तिसऱ्या प्रहरी बुन ओक (गोगलगायींच्या सूपातल्या शेवया) आणि चे (खिरीसारखा गोड पदार्थ). संध्याकाळी ताजी बिअर, बिआ होय. रात्री उशिरा कोंबडीचा फो, नाहीतर चाओ, म्हणजे आपली तांदळाची पेज. त्याच दारात सकाळी एक बाई, दुपारी दुसरी, रात्री तिसरी असंही चालतं. जागेचं भाडं तिघींत वाटून.

मला सगळ्यात आवडतं ते बान्ह कुऑन करताना बघणं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कापड ताणून बांधलेलं असतं. तांदूळ भिजवून वाटलेलं ताकाइतकं पातळ पीठ डावाने त्यावर ओतायचं, डावाच्याच बुडाने गोल पसरायचं, झाकण. अर्ध्या मिनिटात झाकण काढून बांबूची चपटी पट्टी खाली सारायची आणि ती पारदर्शक चादर न फाटता उचलून तेल लावलेल्या ताटावर उलगडायची. वर खिमा आणि काळ्या अळंबीचं सारण, घडी, कात्रीने तुकडे, वरून तळलेला कांदा. आपल्याकडे उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या वाफवून सोलतात ना, तेच कसब, फक्त इथे वाळत न घालता गरमच खातात. माझ्या गल्लीतली बाई एका हाताने पीठ पसरते, दुसऱ्या हाताने आधीची गुंडाळते आणि तोंडाने गिऱ्हाइकांचा हिशोब चालू. मी तिला एकदाही चादर फाडताना पाहिलेलं नाही.

फोबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेते. फक्त बात दान रस्त्यावरच्या जुन्या दुकानाचा रिवाज सांगते. रांगेत उभं राहायचं, पैसे आधी द्यायचे, वाटी स्वतः उचलून न्यायची, कुणी हसून स्वागत करणार नाही. परदेशी लोकांना हा उद्धटपणा वाटतो. पण इथल्या साठीच्या माणसांना ती रांग ओळखीची आहे. रेशनच्या काळात तांदूळ, मांस, कापड सगळं कुपनावर मिळायचं आणि सरकारी दुकानातल्या फोमध्ये कित्येकदा मांस नसायचंच. त्या वाटीला लोक ‘बिनपायलटचा फो’ म्हणत. त्या वेळी अमेरिकेची बिनवैमानिक टेहळणी विमानं डोक्यावरून जायची, त्यावरून. युद्ध चालू असताना हा विनोद सुचणाऱ्या शहराशी माझं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

दक्षिणेचं मला विशेष माहीत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी भर घालावी.

भाकरतुकडा

वाचनखूण साठवली! बुन चा म्हणजे ओबामांनी खाल्लं तेच ना? आणि एक भीतभीत प्रश्न: कुत्र्याचं मांस चुकून ताटात येतं का? घरचे याच कारणावरून नको म्हणतायत.

उंबरठा

हो, तेच. मे २०१६ मध्ये ओबामा आणि टीव्हीवरचा अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या दुकानात बुन चा खायला बसले होते. त्या टेबलाभोवती आता काचेची पेटी केली आहे, आत रिकाम्या बिअरच्या बाटल्यांसकट. मला ते अंमळ हास्यास्पद वाटतं. पण पदार्थ खराच चांगला. पोर्कच्या टिक्क्या आणि चरबीचे काप फूटपाथवरच कोळशावर भाजतात, पुढ्यात पंखा लावून, त्यामुळे धूर सगळा गल्लीत. भाजलेले तुकडे कोमट, आंबटगोड, पाणी घालून सौम्य केलेल्या माशाच्या अर्कात पडतात. त्यातच कच्च्या पपईचे काप. बाजूला तांदळाच्या शेवया आणि पाल्याची टोपली. शेवया थोड्या थोड्या बुडवून खायच्या. सगळं एकदम ओतलंत तर शेजारची आजी हात धरून थांबवते.

कुत्र्याचं चुकून येत नाही. त्याची दुकानं वेगळी, पाटी वेगळी (‘थित चो’), भावही जास्त. तरुण मंडळी फारशी खात नाहीत आणि २०१८ मध्ये हनोईच्या प्रशासनानेच ते सोडण्याचं आवाहन केलं होतं. घरच्यांना सांगा, कुणी फसवून खाऊ घालत नाही.

तुळशीवृंदावन

लेख छान, पण आमच्यासारख्यांनी काय खायचं? जावई दोन वर्षांसाठी तिकडे चाललाय, लेक पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. इथून मेतकूट, भाजणी, थालीपीठ किती पाठवणार?

उंबरठा

काकू, लेकीला दोन गोष्टी पाठ करून पाठवा. एक, ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी आहे. दोन, ज्या पाटीवर ‘चाय’ लिहिलंय तिथेच निर्धास्त जेवायचं. बौद्ध परंपरेमुळे इथे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या सुमारास आणि पौर्णिमेला, बरेच लोक शाकाहार पाळतात. ‘कम चाय’ म्हणजे शाकाहारी भाताची दुकानं एरवीही असतात, त्या दोन दिवशी तर बसायला जागा मिळत नाही. अंडं-दूधही त्यात सहसा नसतं.

साध्या दुकानात मात्र सांभाळून. भाजी हिरवीगार दिसली तरी ‘नुओक माम’, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला अर्क, त्यात असू शकतो. फोडणीला डुकराची चरबीही. झाउ मुओंग नावाची पालेभाजी रोज प्रत्येक घरात असते, लसणावर परतलेली. ती आपली नाळीची भाजी. बाजारातून आणून घरी करायची. टोफू सकाळी गरम मिळतो, केळफूल बारीक चिरून विकायला असतं, फणस आहे, मूगडाळ तर सगळीकडे. सोय सेओ म्हणून एक प्रकार आहे: हळदीतला चिकट भात, त्यावर शिजवलेल्या मूगडाळीच्या गोळ्याचे सुरीने काढलेले काप, वर तळलेला कांदा, केळीच्या पानात बांधून. फक्त वरून कोंबडीची चरबी घालतात. ती घालायच्या आधीच हात आडवा करायचा!

सायगावकर

आवताण दिलंत म्हणून लिहितो. (नाव सायगाव, म्हणजे आताचं हो चि मिन्ह सिटी, या शहरावरून घेतलंय, गावावरून नाही.)

उत्तरेच्या लोकांना आमचा फो म्हणजे बाटवलेला वाटतो. आमच्याकडे वाटीबरोबर मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, मिरच्या, काळा गोड सॉस असं ताट येतं आणि ज्याचा त्याने फो ‘लावून’ घ्यायचा. हनोईत असं काही मागितलं की आचारी दुखावतो. सूपही आमचं गोडसर. १९५४ मध्ये देश दुभंगला तेव्हा उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, फोही त्यांच्याबरोबर आला आणि इथे मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या पाल्याभाज्यांत त्याचा नूर पालटला. मला दोन्ही आवडतात, पण दररोज खायचा तर आमचा.

सायगावचा खरा पदार्थ म्हणाल तर कम ताम. कणीचा भात. तांदूळ सडताना मोडलेली कणी विकली जायची नाही, ती मेकाँगच्या शेतकऱ्याच्या घरी शिजायची. आता त्याच कणीवर भाजलेली पोर्कची चाप, अंड्याचा वाफवलेला तुकडा, लोणचं. कणीला अख्ख्या तांदळाएवढा, कधी जास्तही भाव मिळतो. आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता.

बान्ह मीही आमचीच. पाव फ्रेंचांचा, पण त्यांच्या राज्यात तो बशीत ठेवून लोणी, हॅमबरोबर खायचा साहेबी प्रकार होता. पन्नाशीच्या दशकात सायगावात कुणीतरी सगळं पावाच्या पोटात भरलं आणि हातात दिलं. कामावर जाणाऱ्याची सोय झाली. बाकी हनोईच्या बान्ह मीबद्दल मी काही बोलत नाही. भांडण नको.

अर्धा कप

कॉफीचा उल्लेखही नाही? निषेध! अंडं घातलेली कॉफी खरी की पर्यटकांसाठीचं फॅड?

उंबरठा

खरी. १९४६ सालची. मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या एका बारटेंडरने युद्धकाळात दूध मिळेना म्हणून अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्याच्या कुटुंबाचं कॅफे गियांग अजून चालू आहे, अंधाऱ्या बोळातून आत जावं लागतं. वाटी गरम पाण्यात ठेवून देतात. वास येईल अशी भीती होती, पण लागते कस्टर्डसारखी. रोज पिण्याची गोष्ट नाही.

रोजची म्हणजे ‘नाउ दा’. ग्लासवर पत्र्याचा छोटा फिल्टर, ‘फिन’, त्यातून थेंब थेंब गळणारी कडूजहर रोबस्टा, खाली कंडेन्स्ड मिल्क, वर बर्फ. रोबस्टाच्या उत्पादनात हा देश जगात पहिला आहे, आणि ती इतकी कडक की पहिल्या आठवड्यात हात थरथरले होते. इथे कुणी कॉफी ‘घेऊन निघत’ नाही. फिन गळायलाच पाच-सात मिनिटं लागतात. तोवर रस्त्याकडे तोंड करून बसायचं. खुर्च्या एकमेकींसमोर नसतात, सगळ्या रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या.

आणि त्याहून स्वस्त हवं असेल तर ‘चा दा’, बर्फातला फिका चहा. पाच हजार डोंग. घाबरू नका, तीनशे डोंग म्हणजे साधारण एक रुपया. झाडाखाली एक आजी, एक थर्मास, चार स्टुलं आणि सूर्यफुलाच्या बिया. गल्लीतल्या बातम्या तिथेच कळतात. माझं व्हिएतनामी जे काही आहे ते या आजीकडून आलंय, म्हणून ऑफिसात सगळे माझ्या बोलीला हसतात.

चौकस

दोन शंका. एक, त्या बर्फाचं काय? पोट बिघडत नाही? दोन, शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती घेऊन व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं असं आपल्याकडे फिरतं, तिथे कुणी बोलतं का त्यावर?

सायगावकर

दुसरीचं मी सांगतो. इतकी वर्षं राहिलो, इथल्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि तो निरोप पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी मूळ पुरावा दाखवल्याचंही पाहिलं नाही. महाराजांना थोर ठरायला त्याची गरजही नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे जेवू द्या.

बर्फ: मध्ये भोक असलेला नळकांड्यासारखा तुकडा कारखान्यातला असतो, तो मी बिनधास्त घेतो. लादी फोडून केलेला टाळतो. बाकी गर्दी असेल तिथे खा. एकच पदार्थ आणि तीन तासांत संपणारं पातेलं म्हटल्यावर शिळं राहायला वेळच मिळत नाही.

वेशीबाहेर

सगळं वाचून छान वाटलं, पण थोडं विरजण घालतो. हा फूटपाथ ‘रंगीबेरंगी’ वगैरे म्हणून मिरवला जातो, आणि त्याच फूटपाथवरून पोलीस दर थोड्या दिवसांनी स्टुलं उचलून ट्रकमध्ये टाकतात. हनोईने २००८ मध्येच बासष्ट रस्त्यांवर फिरत्या विक्रेत्यांना बंदी घातली. २०१७ मध्ये सायगाव आणि हनोई दोन्हीकडे मोठी मोहीम झाली, पायऱ्या आणि ओटेसुद्धा तोडले. त्या खांद्यावर कावड घेतलेल्या बायकांचे फोटो सगळ्यांना हवेत, पण त्या येतात कुठून, राहतात कुठे?

उंबरठा

रास्त मुद्दा. मला हे मूळ लेखात बसवता आलं नव्हतं, बरं झालं काढलंत.

कावडवाल्या बहुतेक आजूबाजूच्या भागांतल्या, नाम दिन्ह, हुंग येन, थाय बिन्ह. भाताची लावणी-कापणी असली की गावी, एरवी शहरात. लाल नदीच्या काठाला लाँग बियन पुलाच्या बाजूला एका खोलीत आठ-दहा जणी भाड्याने राहतात. रात्री दोनला घाऊक बाजारात माल घ्यायचा आणि दिवसभर चालायचं. दुकान मांडायला बंदी असली तर ‘चालत राहणं’ हाच त्यावरचा उपाय, म्हणून कावड आणि सायकल. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर दिसली की गल्लीच्या टोकापासून हाकाटी होते आणि मिनिटभरात स्टुलं एकात एक अडकवून घरात जातात. जेवणाऱ्यांनी आपापली वाटी हातात धरून उभं राहायचं. गाडी गेली की पुन्हा मांडामांड. वाटी हातात घेऊन मीही उभी राहिले आहे, आणि सांगते, त्यात गंमत वाटते ती आपल्याला. त्या बाईची स्टुलं गेली तर दंड भरून सोडवावी लागतात.

बेकायदा असलं तरी शहर तिच्यावरच जेवतं हे पोलिसांनाही माहीत आहे. गणवेशातच फो खायला येतात.

केळफूल

उंबरठाताई, फो मसाल्याबद्दल एक भर. आमचं वाशीच्या मसाला मार्केटात काम आहे. गोड्या मसाल्यात, बिर्याणीत पडणारं चक्रीफूल आणि बाजारातली जाड सालीची दालचिनी यातला मोठा वाटा व्हिएतनामातूनच येतो. ‘व्हिएतनाम दालचिनी’ म्हणूनच भाव सांगतात. चक्रीफूल चीनच्या सीमेवरच्या लांग सोनचं. त्यामुळे फोच्या पातेल्याचा वास ओळखीचा वाटला तर नवल नाही. त्यात ती मोठी काळी वेलचीही असते ना?

उंबरठा

असते, ‘थाओ क्वा’. आपल्या मसाला वेलचीची बहीण, पण ती नव्हे, आकाराने मोठी. उत्तरेच्या डोंगरात जंगलाच्या सावलीत होते. आलं आणि कांदा थेट विस्तवावर काळे होईस्तोवर भाजून, साल खरवडून पातेल्यात टाकतात, मग हे मसाले कोरडे भाजून. हाडं रात्रभर.

ओळखीच्या वासाचं निघालंच आहे तर ‘चा का’ खाऊन बघा. हळद आणि गलांगलमध्ये (आल्यासारखं एक मूळ) मुरवलेला मासा, टेबलावरच्या कढईत तेलात, आणि त्यावर मूठभर नव्हे, ताटभर शेपू आणि कांद्याची पात. शेपू परतला जातो भाजीसारखा. वर शेंगदाणे. शेपूला नाक मुरडणारे माझे दोन पाहुणे पुन्हा मागून खाऊन गेले. हनोईतल्या त्या रस्त्याचं नावच पदार्थावरून ‘चा का’ पडलंय. फक्त सोबत जांभळट रंगाची वाटी येते ती माम तोम, आंबवलेल्या कोलंबीची. वासाने अर्धी माणसं उठून जातात. कोकणातली असाल तर बसून राहाल.

भाकरतुकडा

ठरलं, तिकीट काढतोय! जानेवारी-फेब्रुवारीत सुट्टी आहे, थंडीही बरी असेल. रस्ता ओलांडायची एखादी युक्ती सांगा, व्हिडिओ बघूनच घाम फुटलाय.

उंबरठा

रस्ता: एकसारख्या चालीने चालत राहायचं. थांबायचं नाही, धावायचं नाही आणि मागे पाऊल तर अजिबात नाही. बाईकवाले तुमची चाल धरून बाजूने जातात. बस आणि मोटारीला हा नियम लागू नाही, त्यांना जाऊ द्या.

नोटा: वीस हजारांची आणि पाच लाखांची दोन्ही निळसर आहेत. वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

पण तारखा बघा हो. चांद्र नववर्ष, तेत, २०२७ मध्ये सहा फेब्रुवारीला आहे. त्याआधीचा आठवडा बघण्यासारखा असतो. फुलांचे बाजार, स्कुटरवर बांधलेली कुमक्वाटची (इवल्या संत्र्यासारखं फळ) अख्खी झाडं, रात्रभर दारात पिंपात उकळणारे बान्ह चुंग (चिकट भात, मूगडाळ, पोर्क, हिरव्या पानात चौकोनी बांधलेलं). आणि मग तेतला सगळ्या बाया गावी जातात आणि शटरं खाली. चार-पाच दिवस या धाग्यातलं काहीही मिळणार नाही, हॉटेलातला बुफे सोडून.

सायगावकर

तेतला इकडे या. आमच्याकडे निदान काही दुकानं उघडी असतात. आणि बान्ह मी खाल.

उंबरठा

आला परत!